जुन्या पिकअपची हाउसिंग बदलायचीय? मग ब्रेकही त्याच कामात घ्या

दहा-बारा वर्षं मोंढ्यात सोयाबीन, कापूस, कांदा वाहिलेली बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ गॅरेजला येते ती बहुधा दोन तक्रारी घेऊन. मागून घुंई आवाज येतोय, स्पीड वाढला की वाढतो. आणि ब्रेक लागतोय, पण गाडी लांब जाऊन थांबते. मालकानं पैसे पहिल्या तक्रारीसाठी बांधून आणलेले असतात. दुसरीला तो म्हणतो, "तेवढं जरा टाइट करून द्या." हा लेख त्या मालकासाठी आहे, आणि जुनी पिकअप घेऊन पहिल्यांदाच पान्याला हात घालणाऱ्या पोरांसाठीही.

माझं म्हणणं सरळ आहे. मागची हाउसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधलं गिअर आणि एक्सल असलेलं लोखंडी कवच, आणि ब्रेक हे एकच काम आहे. ड्रम, शू, व्हील सिलेंडर, हँडब्रेकची केबल, सगळं हाउसिंगवरच बसलेलं असतं. हाउसिंग उतरवली की ब्रेकची लाइन सुटतेच, लाइन सुटली की हवा काढावी लागतेच. म्हणून दोन्ही कामं एका दमात करा. आणि खिशात पैसे एकाच कामापुरते असतील तर ते ब्रेकवर घाला. आवाज करणारी हाउसिंग काही दिवस चालवता येते, न थांबणारी गाडी एक दिवसही चालवू नये.

यामागचा हिशेब असा. मालासकट तीन टन भरणारी पिकअप धारूरच्या नाहीतर औट्रमच्या घाटात १०० मीटर खाली उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर साधारण २९ लाख जूल उष्णता ड्रम-डिस्कमध्ये जाते. चारी चाकांचं मिळून ४० किलो लोखंड धरा. वाऱ्यानं काहीच थंड झालं नाही असं मानलं तर ते लोखंड १६० अंश सेल्सिअसनं तापेल. वारा लागतो, त्यामुळं प्रत्यक्षात त्याहून कमी तापतं. पण औट्रम घाट १०० मीटरवर संपत नाही, आणि ड्रममध्ये वारा जातो तरी किती? आता ब्रेक ऑइलचं बघा. डॉट-३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा मापदंड आहे. ओलावा शोषल्यावर हाच आकडा १४० वर येतो. बरीच वर्षं न बदललेलं ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल सरळ फरशीला टेकतं. इंजिन ब्रेकिंगसाठी खालचा गिअर टाकून उतरा असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते याचसाठी.

पाना उचलायच्या आधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरच्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच मॉडेलची, त्याच मापाची हाउसिंग टाकणं ही दुरुस्ती आहे. दुसऱ्या मॉडेलची जाड हाउसिंग, वेगळ्या मापाची चाकं किंवा ड्रमच्या जागी डिस्क टाकायचा विचार असेल तर तुमची गाडी एमएच-२३ असो की एमएच-२६, आधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा त्याला वेगळी हाउसिंग दिसतेच.

आणखी एक गोष्ट मनातून काढून टाका. जाड हाउसिंग टाकली म्हणून पासिंग वाढत नाही. आरसीवर लिहिलंय तेवढंच वजन कायदेशीर. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. चेसिस, पुढचा भाग, स्टेअरिंग, ब्रेक हे सगळं कंपनीनं त्या वजनाच्या हिशेबानंच बनवलेलं असतं. हाउसिंग मजबूत करायची ती कायदेशीर वजनात गाडी जास्त दिवस चालावी म्हणून.

खरंच हाउसिंग गेलीय का?

रिकाम्या सरळ रस्त्यावर गाडी ५०-६० वर न्या. ॲक्सिलरेटर दिला की आवाज येतो आणि सोडला की बदलतो किंवा थांबतो, तर क्राउन-पिनियनवर, म्हणजे हाउसिंगमधल्या मुख्य दातेरी जोडीवर, संशय घ्या. ॲक्सिलरेटरशी संबंध नाही, पण गाडी हलकीशी डावी-उजवीकडे घेतली की आवाज कमी-जास्त होतो, तर चाकाचं बेअरिंग. गाडी जागेवरून निघताना 'खट्' असा एकच ठोका बसतो, तर आधी गाडीखाली जाऊन प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंतचा लांब दांडा) क्रॉस आणि मधलं सेंटर बेअरिंग हातानं हलवून बघा. पुष्कळदा रोग एवढ्यावरच असतो, आणि मालक मात्र अख्ख्या हाउसिंगचा भाव काढत फिरत असतो.

आपल्या काळ्या रानात एक दुखणं फार दिसतं. हाउसिंगच्या नळीवर वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. पावसाळ्यात गाडी पाणंदीतून चालली की चिखल त्यावर बसतो, नंतर उन्हात वाळून दगड होतो. चालताना आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि बाहेर पडायला वाट नसली की सीलच्या कडेनं तेल ढकलते. ते तेल थेट लायनरवर, म्हणजे शूवरच्या ब्रेकच्या अस्तरावर. मालकाला वाटतं ब्रेक गेला. मिस्त्री लायनर बदलतो, सील बदलतो, महिन्याभरानं परत तेच. कुणी ब्रीदरकडे बघितलेलंच नसतं. उलटही घडतं. तापलेली हाउसिंग ओढ्याच्या पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या फटीतून पाणी आत खेचते. प्लग उघडल्यावर तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय असं समजा. तेल लगेच बदला आणि बेअरिंगही तपासा. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवायचा, तोंडानं फुंकून हवा जाते का बघायची, आणि जमलं तर त्याला रबरी नळी जोडून तिचं तोंड वर चेसिसपाशी न्यायचं. वीस मिनिटांचं काम आहे. यानंतरही आवाज राहिला, तेलात लोखंडाचे कण आले, दात तुटलेले दिसले किंवा नळी वाकलेली निघाली, तरच हाउसिंग शोधायला बाहेर पडा.

घ्यायच्या आधी मोजा

वही घ्या, टेप घ्या आणि गाडीवरच्या हाउसिंगची मापं लिहा. एका ब्रेक प्लेटपासून दुसरीपर्यंतची रुंदी, पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसतात त्या दोन पॅडमधलं अंतर, पॅडवरच्या सेंटर बोल्टच्या छिद्राचं माप, नळीची जाडी (पाटे हाउसिंगला बांधणारे यू-बोल्ट त्यावरच येतात), पिनियन फ्लँजच्या चार छिद्रांमधलं अंतर, शॉकॲब्सॉर्बरची जागा, हँडब्रेक केबल कुठून येते ती बाजू. चाकाच्या बोल्टांचा पीसीडीही, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, लिहा. सहा बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टांचं मधून-मध अंतर म्हणजेच पीसीडी. पाच बोल्ट असतील तर एक बोल्ट सोडून पुढच्या बोल्टापर्यंतचं अंतर मोजा आणि ०.९५१ नं भागा. नटाची बसायची कडा उतरती आहे की सपाट, तेही बघा. उतरत्या कडेच्या रिमला सपाट नट लावला तर तो घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चालता चालता ढिला होतो.

नंतर रेशो. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. ४१ आणि १० असतील तर ४.१०. ३९ आणि ८ असतील तर ४.८७५. बऱ्याचदा हे आकडे क्राउनवर किंवा हाउसिंगच्या पट्टीवर कोरलेले असतात. नसले तर न उघडताही काढता येतात. मागची दोन्ही चाकं उचलून गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. एक चाक सोबत्याला गच्च धरायला सांगा आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे फिरला तोच रेशो. चार फेरे आणि वर थोडासा फिरला तर ४.१०, जवळजवळ पाच फिरला तर ४.८७५.

मोठा आकडा घेतला तर घाटात आणि चिखलात गाडी ओढते, पण सपाट रस्त्यावर इंजिन जास्त फिरतं आणि डिझेल जास्त जातं. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून निघत असेल तर काटाही चुकतो. ४.१० वरून ४.८७५ वर गेलात तर खरा वेग ५० असताना काटा ५९ च्या पुढं दाखवेल. लातूर-नांदेड असा सरळ रस्त्याचाच धंदा असेल तर मूळ रेशो सोडू नका. फोर व्हील ड्राइव्हची बोलेरो कॅम्पर असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. वेगळा पडला तर फोर व्हील लावून डांबरी रस्त्यावर चालवताच ट्रान्स्फर केस आणि क्रॉस यांच्यावर ताण येऊन काहीतरी तुटणार.

हाउसिंगच्या आतल्या दोन दांड्या, म्हणजे एक्सल, कशा बसल्यात तेही बघा. बहुतेक पिकअपमध्ये सेमी-फ्लोटिंग रचना असते. तिथं चाक एक्सलच्याच फ्लँजवर बसतं, म्हणून एक्सल चाक फिरवतो आणि वजनही झेलतो. तो तुटला तर चाकासकट बाहेर येतो. टाटा ४०७ सारख्या गाडीत फुल-फ्लोटिंग असते. हबच्या मध्यावर बोल्टांची गोल रांग दिसते, वजन हाउसिंगच्या नळीवरच्या दोन बेअरिंगांवर असतं आणि चाक जमिनीवर ठेवूनही एक्सल ओढून काढता येतो. फुल-फ्लोटिंग जास्त मजबूत, यात शंका नाही. पण ती वेगळ्या गाडीची आणायची म्हणजे पाट्यांचे पॅड कापून नव्यानं वेल्डिंग आलं, रिम बदलली, ब्रेकचं माप बदललं, शाफ्ट कापला. नवख्यानं या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. आपल्याच मॉडेलची, जास्त पासिंगच्या आवृत्तीची हाउसिंग मिळत असेल तर तीच शोधा.

जालना पोलादाच्या कारखान्यांचं गाव, भंगाराचे ढीग तिथं बघायला मिळतात, आणि मोठ्या प्रत्येक गावात जुन्या स्पेअरची दोन-चार दुकानं असतातच. जुनी हाउसिंग घेताना पक्कं बिल घ्या, चोरीचा माल गळ्यात यायला नको. पिनियनचा फ्लँज वर-खाली हलवा, जराही हलता कामा नये. पुढं-मागं फिरवला तर किंचित खेळ असतोच. क्राउन-पिनियनमधला हा खेळ या मापाच्या हाउसिंगमध्ये साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. पॅडच्या वेल्डिंगपाशी घासकागद मारून तडा बघा. नळी वाकलीय का हे बघायला दोन्ही फ्लँजवर लांब सरळ पट्ट्या आडव्या बांधा आणि पुढच्या टोकांमधलं नि मागच्या टोकांमधलं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ती तिथंच सोडा.

क्राउन-पिनियनचा जोड स्वतः बदलू नका. ते काम शिम, डायल गेज आणि प्रशियन ब्लू लावून दातांवरची खूण वाचता येणाऱ्या उस्तादाचं आहे. हाउसिंग त्याच्याकडून जुळवून घ्या आणि पुढचं काम हातात घ्या.

उतरवणं

जागा सिमेंटची आणि सपाट हवी. शेताच्या बांधावर, मुरमावर हे काम करू नका, घोडी जमिनीत रुतते.

इथं थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रोपेलर शाफ्ट काढला की गाडी गिअरला टाकून उपयोग नाही, गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो. मागचे ड्रम काढले की हँडब्रेकही गेला. म्हणजे काम अर्ध्यावर आलेलं असताना रिकामी असली तरी दीड टनाहून जड असलेली ही गाडी धरून ठेवणारं एकच काहीतरी उरतं: पुढच्या चाकांना लावलेले दगड. म्हणून दोन्ही पुढच्या चाकांना, पुढून आणि मागून, मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे ठोकून बसवा. ते न करता गाडीखाली जाऊ नका आणि कुणाला जाऊ देऊ नका.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. मग जॅक लावा आणि दोन दणकट घोड्या चेसिसखाली, मागच्या पाट्यांच्या पुढच्या ब्रॅकेटच्या थोडं पुढं लावा. हाउसिंगखाली घोडी लावायची नाही, तीच तर उतरवायची आहे. जॅकवर भरवसा ठेवून खाली झोपायचं नाही, सील जायला क्षण लागतो. घोड्यांवर वजन टाकल्यावर गाडी हातानं जोरात हलवून बघा. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे.

हाउसिंगचं तेल ट्रेमध्ये सोडा. प्लगच्या चुंबकाला चिकटलेला काळा लगदा बोटावर चोळा. पिठासारखा मऊ असेल तर ती नेहमीची झीज, टोचणारे तुकडे असतील तर बेअरिंग किंवा दात. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर छिन्नीनं नाहीतर पांढऱ्या रंगानं जोडखूण करा. शाफ्ट मधून सरकत्या जोडातून सुटणार असेल तर तिथंही खूण हवी. शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचे कान एका रेषेत असतात. एक दात जरी चुकवून बसवला तरी गाडी थरथरते आणि चांगला क्रॉस दोन महिन्यांत जातो.

ड्रम काढताना मास्क लावा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पाण्यानं ओलं करून फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या. ड्रम अडकला तर ॲडजस्टर ढिला करा. बऱ्याच ड्रमला दोन आटेदार छिद्रं असतात, त्यात बोल्ट आवळत गेलात की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. कडेवर हातोडा मारला तर ड्रमचं बीड (ओतीव लोखंड) फुटतं.

आता होज पाइप सोडा आणि तोंडाला रबरी बूच लावा. हँडब्रेकची केबल, शॉकॲब्सॉर्बर आणि एलएसपीव्हीची (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा वॉल्व्ह) दांडी सोडा. या दांडीची लांबी आणि कोन आधी मोजून वहीत लिहा आणि मोबाइलवर फोटोही काढा, तिच्याबद्दल पुढं सांगतो. हाउसिंगखाली ट्रॉली जॅक घेऊन मग यू-बोल्ट कापा नाहीतर सोडा. हे वजन एकट्याचं नाही. दोघं बाजूंना उभे राहतील आणि तिसरा जॅक हळूहळू सोडेल, अशी तयारी करूनच हे करा.

बसवणं

नवी हाउसिंग पॅडवर आणताना पाट्यांच्या सेंटर बोल्टचं डोकं पॅडच्या छिद्रात पूर्ण बसलंय याची खात्री करा. ते कडेवर चढून राहिलं तर यू-बोल्ट टाइट होतात, पण पहिल्या खड्ड्यात हाउसिंग सरकते आणि गाडी तिरकी पळू लागते. यू-बोल्ट नवेच घ्या. जुने ताणलेले असतात, परत तोच ताण धरत नाहीत. फुलीच्या क्रमानं थोडे थोडे आवळा, आणि शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर टॉर्क पान्यानं करा. पाट्यांच्या बुशच्या पिनाही वजन आल्यावरच आवळायच्या, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप इथं कामाला येतं. गिअरबॉक्सच्या फ्लँजचा आणि पिनियनच्या फ्लँजचा कोन मोजा, दोन्ही जवळजवळ समांतर हवेत, एखाद्या अंशाचा फरक चालतो. हाउसिंग त्याच मॉडेलची असेल तर हे बहुधा बरोबरच येतं. सरकता जोड पूर्ण आत जाऊन टेकत नाही आणि गाडी उचलल्यावर बाहेरही फार येत नाही, हे बघा. शाफ्ट लहान-मोठा करावा लागला तर तो बॅलन्सिंग मशीन असलेल्या दुकानातच करा.

तेल हायपॉइड गिअरचं, म्हणजे जीएल-५ दर्जाचं, सहसा ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबर. गिअरबॉक्समधून उरलेलं जीएल-४ इथं ओतू नका, या दातांवरचा घसटीचा दाब त्याला झेपत नाही.

ब्रेक

मागं ड्रम असतील तर ड्रमच राहू द्या. लोडच्या गाडीला हँडब्रेक ड्रमवर चांगला धरतो आणि खर्चही आवाक्यात राहतो. सुधारायचं ते असं: ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो. लेथवर कट मारून त्यापुढं गेला की ड्रम भंगारात. दोन्ही बाजूंचे ड्रम एकाच मापाचे करून घ्या, नाहीतर गाडी ब्रेकला एका अंगाला ओढेल. लायनर दोन्ही चाकांचं एकाच कंपनीचं. व्हील सिलेंडरचं रबर उचलून बघा, आत ओलं असेल तर नवा टाका.

पुढं ड्रम असलेल्या जुन्या गाडीत सगळ्यात जास्त फरक पडतो तो पुढच्या डिस्कनं, कारण ब्रेक मारताच वजन पुढं झुकतं. पण त्यासाठी नकल, हब, डिस्क आणि कॅलिपर असा पूर्ण जोड त्याच कुटुंबातल्या, डिस्क असलेल्या मॉडेलचा हवा. वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे जमवून केलेली डिस्क मला अजिबात मान्य नाही. जोड बसवल्यावर रिम घालून हातानं फिरवा. कॅलिपर आणि रिम यांच्यात फट राहते का ते बघा. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि होज कुठं ताणत-घासत नाही याची खात्री करा.

इथंच पेडल दाबल्यावर लाइनमध्ये ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरचा हिशेब येतो, आणि बहुतेक कामं इथंच बिघडतात. कॅलिपरचा पिस्टन व्हील सिलेंडरपेक्षा खूप मोठा, त्याला ऑइल जास्त लागतं. जुना छोटा मास्टर ठेवला तर पेडल खोल जातं. म्हणून लोक सरळ मोठा मास्टर टाकतात. पण २२.२ मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ सुमारे ३८७ चौरस मिलिमीटर आणि २५.४ चं सुमारे ५०७. म्हणजे तेवढ्याच पेडलला ऑइल ३१ टक्के जास्त जातं, आणि तेवढाच दाब आणायला पायही ३१ टक्के जास्त जोरानं मारावा लागतो. ती भरपाई बूस्टरनं, म्हणजे व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यानं, करायची. त्यामुळं डिस्कचा जोड ज्या मॉडेलचा, मास्टर आणि बूस्टरही त्याच मॉडेलचा घ्या. शिवाय ड्रमसाठीच्या जुन्या मास्टरमध्ये लाइनचा थोडा दाब राखून ठेवणारा वॉल्व्ह असू शकतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड सतत घासत राहतात आणि डिस्क निळी पडते.

डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही. म्हणून बूस्टरसाठी वेगळा पंप असतो, बऱ्याच पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या मागच्या अंगाला जोडलेला. बूस्टर बदलण्याआधी हा तपासा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली जायला हवं. गेलं नाही तर पंप, त्याची नळी, नळीतला एकतर्फी वॉल्व्ह आणि शेवटी बूस्टर, या क्रमानं बघा.

आता ती एलएसपीव्हीची दांडी. मागची हाउसिंग आणि चेसिसवरचा वॉल्व्ह यांना ती जोडते. गाडी भरली की चेसिस खाली बसते, दांडी वॉल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकामी असली की दाब कमी. ड्रायव्हर म्हणतात, "उस्ताद, ही दांडी तारेनं वर बांधून द्या, मागचा ब्रेक चांगला पकडतो." जाणते उस्ताद ऐकत नाहीत. "मालक, भरलेली असताना पकडेल. पण माल उतरवून पावसात परत याल तेव्हा मागची चाकं आधी जाम होतील आणि गाडी रस्त्यात आडवी होईल." म्हणून आधी मोजलेल्या लांबीवरच दांडी बसवा. पाट्यात जादा पान घातलं असेल तर वॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते, तेव्हा मॅन्युअलप्रमाणे नवं सेटिंग करून घ्या.

नळ्या स्टीलच्या, ब्रेकसाठीच बनवलेल्या, टोकाला दुहेरी फ्लेअर केलेल्या. फ्रिजवाल्याची तांब्याची नळी, वेल्डिंगचा जोड, मध्ये कापून घातलेलं कपलिंग यांतलं काहीही नको. रबर धुवायला ब्रेक ऑइलच वापरा, डिझेल किंवा पेट्रोल लागलं की ते फुगतं.

हवा काढणं

डॉट-४ वापरायचं तर सीलबंद डबा आणा. उघडून ठेवलेला अर्धा डबा हवेतला ओलावा ओढून घेतो. आपल्याकडे मास्टर उजव्या हाताला, म्हणून क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एलएसपीव्हीला निप्पल असेल तर त्याचीही हवा काढा. मागची चाकं लोंबकळत ठेवून हवा काढू नका. वॉल्व्ह त्या स्थितीत मागचं ऑइल आवळून धरतो. हाउसिंगखाली आधार देऊन पाट्यांवर वजन घ्या.

एक माणूस पेडलवर, एक निप्पलपाशी. "मार, मार, धर." निप्पल उघडा, नळीतून बुडबुडे बाटलीत जाऊ द्या, निप्पल बंद, मग "सोड." बंद करायच्या आधी पेडल सोडलं की हवा परत आत. टाकीतलं ऑइल दर चार-पाच वेळांनी बघा.

पुढच्या कॅलिपरचं निप्पल वरच्या बाजूला आलंय ना? डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाली तर ते खाली येतं. कॅलिपर बसतो, बोल्ट लागतात, सगळं बरोबर दिसतं, पण हवा वरच्या कोपऱ्यात राहते आणि लिटरभर ऑइल घालवूनही पेडल मऊच. असं झालं तर मास्टरला दोष देण्याआधी निप्पलकडे बघा.

रस्त्यावर

आधी अंगणातच पेडल जोरानं मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली गेलं तर कुठंतरी गळती आहे किंवा मास्टर आतून सोडतोय. मग मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी २० च्या वेगानं. ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग एका बाजूला ओढतं का? नवे पॅड आणि लायनर बसायला ५० वरून १० पर्यंत असे वीसेक मध्यम ब्रेक मारा, मध्ये गाडी थोडी चालू द्या म्हणजे ते थंड होतील. तापलेली गाडी ब्रेक दाबून उभी ठेवू नका.

परत आल्यावर प्रत्येक ड्रमवर आणि डिस्कवर पाण्याचा थेंब टाका, हात लावू नका. समोरासमोरच्या दोन चाकांत एकावर थेंब लगेच उडाला आणि दुसऱ्यावर तसाच राहिला, तर पहिलं चाक जाम लागतंय किंवा दुसऱ्याचा ब्रेक लागतच नाही. हँडब्रेक चढावर, गाडी रिकामी आणि नंतर भरून, दोन्ही वेळा तपासा. फिटनेसला तोही बघतात.

पहिला लोड निम्माच भरा आणि जवळच्याच मोंढ्याला न्या. घरी आल्यावर चाकांचे नट, प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट आणि यू-बोल्ट परत टॉर्क पान्यानं आवळा, ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. क्राउन-पिनियनचा नवा जोड टाकला असेल तर पहिलं तेल हजार किलोमीटरच्या आसपास बदला आणि प्लगवरचा लगदा बोटावर चोळून बघा. तो मऊ निघाला की पूर्ण पासिंगचा माल भरायला हरकत नाही.